बालकर्करोग : बडोद्यातील जनजागृती आणि कुटुंबांचा आधार

जन्मापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत होणाऱ्या कर्करोगांना बालकर्करोग म्हणतात. रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया), मेंदूतील गाठी, लसिकाग्रंथींचा लिम्फोमा, मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर, डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा आणि हाडांचे कर्करोग हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना हा आजार होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्केही नाहीत. ही तफावत मुख्यतः निदानाला लागणारा उशीर, न परवडणारा खर्च आणि अर्धवट सोडलेले उपचार यांतून येते. म्हणूनच कुटुंबाला दिलेला आधार हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

बहुतेक मुलांत आजाराचे नेमके कारण सापडत नाही. तो संसर्गाने पसरत नाही आणि आईच्या खाण्यापिण्यातल्या चुकीमुळे होत नाही. रेटिनोब्लास्टोमा काही वेळा आनुवंशिक असतो, त्यामुळे अशा मुलाच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्यावे लागतात.

मोठ्यांच्या काही कर्करोगांसाठी असते तशी सरसकट चाळणी चाचणी (लक्षणे नसतानाच करायची तपासणी) मुलांसाठी नाही. लक्षणे आधी दिसतात ती आईला, आजीला, वर्गशिक्षिकेला आणि गल्लीतल्या डॉक्टरांना. पुन्हापुन्हा येणारा ताप, फिकट पडत चाललेला चेहरा, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, रात्री झोपेतून उठवणारी हाडांची दुखणी, मानेतली न विरघळणारी गाठ, सकाळच्या उलट्यांसह डोकेदुखी, आंघोळ घालताना पोटात हाताला लागणारा गोळा, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी झाक, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. सांधेदुखी समजून निदानाआधीच स्टेरॉइड दिले, तर ल्युकेमियाची लक्षणे काही काळ दबतात आणि निदान अवघड होते. साधी रक्ततपासणी वेळेवर झाली तर पुष्कळदा पहिला धागा तिथेच हाती लागतो.

बडोद्यात सरकारी सयाजीराव (एसएसजी) रुग्णालय आहे आणि वाघोडिया तालुक्यातील गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांना मुंबई जवळची वाटते, कारण तिथे नातेवाईक असतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) सुमारे ४०० किलोमीटरवर, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. मात्र त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे (२०२३ पासून), आणि शाळा आरोग्य कार्यक्रमातही कर्करोगाच्या बालरुग्णांवर मोफत उपचारांची तरतूद आहे. मुंबईत राहण्याची सोय सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था विनामूल्य करतात. हे सगळे असूनही कुटुंबाला मोडते ते बुडालेली मजुरी, घरभाडे आणि मागे राहिलेल्या धाकट्याची सोय, आणि या खर्चाला कोणतेही कार्ड चालत नाही.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही आठवड्यांतच बहुतेकांचे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात. पुढे केस उगवतात, गाल भरतात. खरा धोका इथे असतो. घरातले वडीलधारे म्हणतात, “बरा झालाय की पोरगा, आता कशाला गोळ्या?” रक्तात न दिसणाऱ्या पेशी मात्र शिल्लक असतात, आणि गोळ्या थांबवल्या की आजार उलटू शकतो. या उपचारांतली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करून ठेवणे हे आईचे रोजच्या जेवणाइतकेच महत्त्वाचे काम होते.

केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटल्या की १००.४ अंश फॅरनहाइट ताप ही तातडीची वेळ असते. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशीही दात्यांकडून घेऊन द्याव्या लागतात आणि त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणून एका मोठ्या शिबिरापेक्षा वर्षभर फोन करताच येणारे दाते अधिक उपयोगी पडतात. शहरातल्या गणेशोत्सव मंडळांना अशी नावांची यादी सहज जमवता येईल. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या तर बाईंनी त्याच दिवशी पालकांना कळवावे, कारण उपचार चालू असलेल्या मुलाला त्या घातक ठरू शकतात.

आजार लपवण्याची प्रवृत्ती अजून आहे. “रक्ताचा त्रास आहे” एवढेच सांगितले जाते, कारण पुढे मुलीच्या लग्नाची चिंता असते. भारतातल्या रुग्णालयांत नोंदल्या जाणाऱ्या बालरुग्णांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी आहे, आणि त्यामागे आजारातल्या फरकाबरोबरच मुलीला उपचारांसाठी न नेणे हेही कारण आहे. ही गोष्ट प्रत्येक जागृती कार्यक्रमात स्पष्ट बोलली गेली पाहिजे.

१५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन आणि सप्टेंबर हा जागृती महिना मानतात. सोनेरी फीत हे त्याचे चिन्ह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

केमोथेरपीतल्या काही औषधांचा, उदाहरणार्थ डॉक्सोरुबिसिनचा, हृदयावर परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतो. म्हणून बऱ्या झालेल्या मुलालाही ठरलेल्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, आणि दिलेल्या औषधांची मात्रांसह नोंद असलेली फाइल त्याच्याजवळ मोठेपणीही असावी लागते.