काकांचं पिस्तूल, पुतण्याचा बाँड

मराठवाड्यात वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: काकांचं परवान्याचं पिस्तूल पुतण्यानं बाँडवर लिहून घेतलं की व्यवहार पक्का. तसं नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराण्याच्या नाही. (सातबाऱ्यावर वारस लागतात, म्हणून असं वाटणं साहजिकच.) घेणाऱ्याकडं स्वतःचा परवाना आधी हवा. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ वाचा: विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. पिस्तुलावरचा नंबर काकांच्या परवान्याशी जुळवा. शंका राहिली तर जिल्हाधिकारी कचेरीत विचारा. किमतीचं बोलणं त्यानंतर. पॉलिशच्या चकाकीला पैसे मोजू नका. नळी किती झिजलीय ते परवानाधारक शस्त्र-दुकानदाराकडून तपासून घ्या.