प्युबर्टी ब्लॉकर नेमकं काय थांबवतात?

प्युबर्टी ब्लॉकर म्हणजे वयात येणं तात्पुरतं थांबवणारी औषधं. वयात येण्याची सुरुवात होते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. तिथून जीएनआरएच नावाचं, अवघ्या १० अमिनो आम्लांचं संप्रेरक साधारण तास-दीड तासाच्या अंतराने, झटक्याझटक्याने सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर पीयूष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात सोडते आणि मग अंडाशयात इस्ट्रोजेन किंवा वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागतं.

गंमत आहे ती दोन झटक्यांमधल्या खंडात. १९७० च्या दशकात माकडांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हेच संप्रेरक अखंड दिलं तर एलएच-एफएसएच वाढण्याऐवजी घसरतात. दारावरची बेल थांबून थांबून वाजली तर आपण उठतो, तासन्‌तास वाजत राहिली तर कान बंद करून घेतो. पीयूष ग्रंथीच्या पेशीही आपले ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा इशारा पकडणारे रेणू, आत ओढून घेतात. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन हे ब्लॉकर नेमकं हेच घडवतात. म्हणून इंजेक्शननंतर सुरुवातीला संप्रेरकं चक्क वाढतात आणि मगच खाली येतात. उपचार थांबवले की ग्रंथी पुन्हा जागी होते.

मूळ वापर प्रोस्टेट कर्करोगात आणि फार लवकर, सहाव्या-सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलांत. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) किशोरांसाठी ती पद्धतशीरपणे वापरली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी. तिथल्या पहिल्या रुग्णाची माहिती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. हेतू असा, की आवाज फुटणं, स्तनांची वाढ हे कायमचे बदल होण्याआधी विचाराला वेळ मिळावा.

औषध तेच असलं तरी वय वेगळं आहे, आणि माझ्या मते वादाची खरी गाठ इथेच आहे. सात वर्षांच्या मुलीचे उपचार अकरा-बाराव्या वर्षी थांबवतात आणि ती मैत्रिणींबरोबरच वयात येते. पारलिंगी मुलांचे उपचार मात्र त्या वयाच्या आसपास सुरू होतात. हाडं झपाट्याने भरण्याचा हाच काळ; लैंगिक संप्रेरकांअभावी हाडांची घनता समवयस्कांच्या मागे पडते. पुढे संप्रेरकं मिळाल्यावर काहींमध्ये ती पूर्ण भरून येत नाही.

मनावरच्या परिणामांचं चित्र धूसर आहे. २०११ च्या ७० जणांच्या डच अभ्यासात नैराश्याची लक्षणं कमी झाली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ब्रिटनमधल्या ४४ जणांत मानसिक स्थिती सुधारलीही नाही, बिघडलीही नाही. त्यातल्या ४३ जणांनी पुढे लिंगबदलाची संप्रेरकं घेतली. निवड अचूक होती म्हणून, की औषधानेच पुढची वाट आखून दिली म्हणून? दोन्ही बाजू हाच आकडा पुढे करतात. ब्रिटनमधल्या या उपचारांचा आढावा घेणाऱ्या एप्रिल २०२४ च्या कॅस अहवालाने पुरावा कमकुवत ठरवला आणि डिसेंबरमध्ये ब्रिटनने १८ वर्षांखालील पारलिंगी मुलांना ही औषधं नव्याने सुरू करण्यावर बेमुदत बंदी घातली. उलट, एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नीट तपासणीनंतर ती देण्याच्या बाजूने आहेत. पुरावा कमकुवत असणं म्हणजे औषध घातक ठरणं नव्हे, हे बातम्यांत हमखास निसटतं.

सर्वात अवघड पेच प्रजननाचा. बदल रोखायचे तर सुरुवात लवकर हवी. पण तेव्हा शुक्राणू तयारच झालेले नसतात, गोठवून ठेवायला काही नसतं. ब्लॉकरनंतर थेट लिंगबदलाची संप्रेरकं सुरू झाली, तर स्वतःचं जैविक मूल होण्याची शक्यता जवळपास संपते. त्यामुळे हा विषय पहिल्या इंजेक्शनआधीच काढावा लागतो, बारा वर्षांच्या मुलाशी.