क्लचचा ट्रक आणि लायसन्सवरचं ‘ई’

अमेरिकेत ट्रकचं लायसन्स, म्हणजे सीडीएल, काढताना परीक्षेला नेलेला ट्रक ऑटोमॅटिक असेल तर लायसन्सवर ‘ई’ हे अक्षर येतं. या माणसाने धंद्याचा क्लचवाला ट्रक चालवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे कधी तसा ट्रक हातात घ्यायचा तर तशाच ट्रकवर पुन्हा परीक्षा. ट्रक शिकायला निघालेला प्रत्येक जण ‘मॅन्युअल शिकू की ऑटोमॅटिक?’ असं विचारत फिरतो, ते या अक्षरापायी. अक्षर अलीकडचं आहे, भानगड जुनी.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये गिअर टाकणं म्हणजे फिरत्या दातांत दात अडकवणं. दोन्हींचा वेग जुळला नाही की खर्रकन आवाज. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. दात अडकण्याआधी घर्षणानेच वेग जुळू लागला आणि कारवाल्यांची सुटका झाली. अमेरिकेतले लांब पल्ल्याचे अवजड ट्रक मात्र त्या वाटेला फारसे गेलेच नाहीत. भरलेल्या ट्रेलरसकट वजन 80,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 36 टन. डिझेल इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच मिळते, म्हणून गिअर दहा, तेरा, अठरा. एवढ्या वजनाखाली दिवसभर गिअर बदलायचे तर सिंक्रोमेशच्या कड्या झिजणारच. मग गिअरबॉक्स साधा, दणकट ठेवला आणि वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायावर टाकलं.

या गिअरबॉक्सचं तिकडचं घरगुती नाव रोडरेंजर. मिशिगनमधल्या कॅलमाझूच्या फुलर कंपनीचा हा माल. 1958 मध्ये ईटनने ती कंपनी घेतली. दहा गिअरच्या रोडरेंजरमध्ये दांड्याला एक कळ असते. खालचे पाच गिअर संपले की कळ वर करायची आणि त्याच जागांवरून दांडा पुन्हा फिरवायचा. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाच्या फेऱ्या उतरू द्यायच्या, पुन्हा क्लच, मग पुढचा गिअर. खाली येताना मधल्या न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. हाच डबल क्लच. त्यातही पेडल तळापर्यंत दाबायचं नाही, कारण तळाशी क्लच ब्रेक असतो आणि तो फक्त उभ्या गाडीसाठी. मुरलेले ड्रायव्हर चालत्या गाडीत क्लचला पायही लावत नाहीत. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर दांडा सरकवतात. नवशिक्याचे मात्र या एकाच गोष्टीत दिवसच्या दिवस जातात.

आणि गंमत म्हणजे, 1986 पर्यंत अमेरिकेतल्या अनेक राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर एवढं धूड चालवता येत असे. त्या वर्षीच्या कायद्याने सीडीएल आणलं आणि 1 एप्रिल 1992 पासून ते सक्तीचं झालं. 2011 च्या नियमांनी देशभर एकसारखी बंधनाची अक्षरं ठरवली, त्यातलं एक हे ‘ई’.

तोवर यंत्र बदलायला लागलं होतं. 2001 मध्ये व्होल्वोने युरोपात आय-शिफ्ट आणला. अशा गिअरबॉक्सला एएमटी म्हणतात. आत गिअर तेच, क्लचही असतोच. फक्त तो दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमाने होतं. मेकॅनिकच्या लेखी तो मॅन्युअलचाच भाऊ. पण अमेरिकी नियमाला आतल्या पोटाशी देणंघेणं नाही. ड्रायव्हरने स्वतः चालवायचा क्लच नसेल तर ते ऑटोमॅटिक. व्याख्या म्हणून मला ती पटते. परीक्षा माणसाची असते, गिअरबॉक्सची नव्हे.

कंपन्यांना एएमटी आवडला. नवख्याच्या हातूनही क्लच टिकतो, डिझेलचा हिशेब कॉम्प्युटर सांभाळतो आणि माणूस लवकर तयार होतो. 7 फेब्रुवारी 2022 पासून अमेरिकेत नव्या ड्रायव्हरला ठरलेलं प्रशिक्षण सक्तीचं आहे, पण त्याला किमान तासांची अट नाही. थोड्या आठवड्यांच्या कोर्समधून डबल क्लच काढला की रिव्हर्स लावायच्या सरावाला वेळ मिळतो, असा सरळ हिशेब. जुने ट्रक वापरणारा छोटा मालक मात्र अजूनही आधी लायसन्सवरचं ‘ई’ बघतो.

ब्रिटनने हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. 2014 पासून तिथे ज्याच्याकडे मॅन्युअल कारचं लायसन्स आहे, त्याने लॉरीची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी मॅन्युअल लॉरीची मुभा मिळते. एकदा क्लच कळला तो कळला, असं त्यांनी धरलं. रोडरेंजरवर ते फारसं खरं ठरत नाही, पण ब्रिटनच्या रस्त्यांवर रोडरेंजर भेटतो कुठे?

आपल्याकडे क्लीनर म्हणून चढायचं आणि उस्तादाच्या शेजारी बसून घाटात डबल क्लच शिकायचा, ही जुनी चाल. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सच्या वर्गवारीत ‘गिअर असलेली’ आणि ‘गिअर नसलेली’ असा भेद आहे, पण तो मोटारसायकलला. ट्रकच्या बाबतीत कायदा गिअरचं नावच काढत नाही.