काउंटरवर अडलेला नंबर

गेल्या नोव्हेंबरात अण्णांना घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय 78, सांगलीच्या गावभागात राहणारे निवृत्त शिक्षक. दुपारचे दोन वाजलेले, रांग दारापर्यंत, पंखा नावापुरता. दीड तासानं खिडकीशी पोचलो तेव्हा आतल्या पोरानं मान वर न करता विचारलं, “आजोबा, मोबाईल नंबर?” अण्णांनी पहिले चार आकडे सांगितले आणि अडले. मागून कुणीतरी “आटपा की ओ” म्हणालं, तसे ते चारही गेले. शेवटी नंबर मी सांगितला. रिक्षात ते गप्पच होते. घरी पायरीवर चपला काढता काढता मात्र दहाच्या दहा आकडे घडाघडा म्हणाले, आणि वर म्हणाले, “जावईबापू, आमची पाटी पुसत चालली बघा.”

पाटी पुसली असती, तर नंबर पायरीवर आला कुठून?

ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते ती त्यानं. त्याच्या मागून, सावकाश, कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक चढतं आणि रक्तातून थेट मेंदूत शिरतं. मेंदूत हिपोकॅम्पस नावाचा एक वळलेला भाग आहे, समुद्रघोड्याच्या आकाराचा, म्हणूनच त्याला हे नाव पडलं. नव्या आठवणी नोंदवायचं आणि जुन्या शोधून द्यायचं काम बरंचसं त्याच्याकडं. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाला धरून ठेवणाऱ्या जागा नेमक्या इथंच दाटीनं आहेत, हे मेंदूचे अभ्यासक ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी 1968 साली उंदरांच्या मेंदूत दाखवलं. म्हणजे ताणाचा निरोप पोचतो तो सरळ आठवणींच्या दप्तरखान्यात.

तिथं तो काय करतो, हे 2000 साली झुरिकच्या संशोधकांनी तपासलं. निरोगी माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या तासभर आधी 25 मिलिग्रॅम कॉर्टिसोनची गोळी. शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं. गोळी घेतलेल्यांना शब्द कमी आठवले. हीच गोळी पाठांतराच्या आधी किंवा लगेच नंतर दिली तेव्हा असं झालं नाही. यादी डोक्यात होती, फक्त कपाटाचं दार अडकलं होतं. अण्णांचं तेच झालं असावं, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे प्रसंग घडत असतानाच ताण आला, तर त्या प्रसंगाची आठवण उलट घट्ट बसते. ऑगस्ट 2019 च्या महापुराचं अण्णांना विचारा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं साडेसत्तावन्नवर. जिन्याची कितवी पायरी कधी बुडाली, सासूबाईंनी ट्रंक माळ्यावर कशी चढवली, सगळं तोंडपाठ. मोबाईल नंबर मात्र अडतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. कॅनडात माँट्रियलमध्ये ताणाच्या अभ्यासक सोनिया लुपियन यांच्या गटाला शंका आली, की म्हाताऱ्यांची स्मृती तपासायची आपली पद्धतच त्यांना घाबरवत नसेल ना? त्यांनी काही ज्येष्ठांना अनोळखी जागी, दुपारी, तरुण परीक्षकासमोर बसवलं. इतरांना ओळखीच्या जागी, सकाळी, वयस्क परीक्षकासमोर. 2013 साली निष्कर्ष छापून आले. अनोळखी जागी बसवलेल्या ज्येष्ठांचं कॉर्टिसॉल चढलेलं होतं आणि आठवणही मागं पडली. ओळखीच्या जागेतले ज्येष्ठ तरुणांच्या बरोबरीनं उतरले. दुपार, परकी जागा, घाईतला पोरगा. आमची बँक आणखी कशी असते?

पण म्हणून ताण किरकोळ समजायचा नाही. एका घटकेचा ताण ओसरतो. वर्षानुवर्षं साचलेला वेगळा. लुपियन यांनीच 1998 साली मोजक्या ज्येष्ठांवर, पण काही वर्षं पाठपुरावा करून, दाखवलं की ज्यांचं कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं त्यांचा हिपोकॅम्पस इतरांपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी लहान होता. हाच हिपोकॅम्पस एरवी कॉर्टिसॉलला लगामही घालतो. तो अशक्त झाला की लगाम सैल, आणि पुन्हा कॉर्टिसॉल जास्त. “आपलं डोकं गेलं” ही धास्तीसुद्धा एक रोजचा ताणच की! घरातली माणसं चारचौघांत हसून “विसरले परत” म्हणतात, तेव्हा त्यात भर पडते. आम्हीही म्हणायचो.

उताराला लागलेली ही गाडी थोडी मागं आणता येते. 2011 साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 120 ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालायचा व्यायाम केला. त्यांचा हिपोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. अण्णा आता सकाळी आमराईत फेऱ्या मारतात. अर्धा वेळ बाकावर गप्पांतच जातो, ते सोडा.

मिरजेला दाखवूनही आलो. बी-12 जीवनसत्त्व किंवा थायरॉईड कमी असलं तरी विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारतं. अण्णांचं बी-12 खरंच कमी निघालं. रोजच्या वाटेवर चुकणं, तेच तेच पुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब न लागणं असं दिसलं, तर मात्र ताणावर ढकलून घरी बसू नये.

यंदा बँकेत दार उघडायच्या वेळीच गेलो. अण्णा खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. खिडकीतल्या बाईंनी “या गुरुजी” म्हटलं. नंबर एका दमात आला. उत्साहाच्या भरात त्यांनी “जावयांचाही लिहून घ्या” म्हणून माझाही सांगितला. त्यात शेवटचे दोन आकडे उलटे होते. मी खिडकीशी जाऊन हळूच दुरुस्त करून घेतले. अण्णा तोवर दाराशी पोचले होते.