ऑक्युलस (चित्रपट)

इंग्रजी भाषेतील अमेरिकन भयपट. दिग्दर्शन व संकलन माइक फ्लॅनगन, पटकथा फ्लॅनगन व जेफ हॉवर्ड, छायाचित्रण मायकेल फिमोग्नारी, संगीत द न्यूटन ब्रदर्स. पहिला खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात झाला. अमेरिकेत तो ११ एप्रिल २०१४ रोजी सर्वत्र प्रदर्शित झाला. सुमारे ५० लाख डॉलरच्या खर्चावर त्याने जगभरात सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. शीर्षकाचा लॅटिन अर्थ ‘डोळा’. वास्तुकलेत घुमटाच्या माथ्यावरील गोल झरोक्यालाही हीच संज्ञा आहे. इथे मात्र पहिला अर्थच घ्यावा, कारण चित्रपटातील आरसा पाहणाऱ्याच्या डोळ्यांचाच ताबा घेतो.

केली आणि टिम रसेल ही बहीणभावंडे. लहानपणी घरात आलेल्या ‘लॅसर ग्लास’ नावाच्या जुन्या आरशाच्या अमलाखाली वडील आईचा जीव घेतात आणि छोट्या टिमच्या हातून वडिलांवर गोळी सुटते. अकरा वर्षांनी टिम मनोरुग्णालयातून बाहेर येतो तो आरशाचा यात काही दोष नव्हता अशी खात्री बाळगूनच. बहिणीची खात्री नेमकी उलट. लिलावगृहातल्या नोकरीमुळे आरसा तिच्या हाती लागतो आणि ती तो त्याच जुन्या घरात आणते: आधी पुरावा नोंदवायचा, मग आरसा फोडायचा. केलीच्या भूमिकेत कॅरन गिलन, टिमच्या भूमिकेत ब्रेंटन थ्वेट्स, तर आईवडिलांच्या भूमिकांत केटी सॅकहॉफ व रोरी कॉक्रेन आहेत.

उगम : कल्पनेच्या मुळाविषयी दोन मते मांडता येतात. पछाडलेल्या आरशाची परंपरा पाहणारे ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या ब्रिटिश चित्रपटातील रॉबर्ट हेमर दिग्दर्शित कथेकडे बोट दाखवतात. तिथेही जुन्या वस्तूंच्या दुकानातला आरसा घरात येतो, त्यात भलतीच खोली दिसू लागते आणि पूर्वीच्या मालकाचा गुन्हा नव्या मालकाच्या मनात उतरतो. ‘इन्टू द मिरर’ (२००३) हा कोरियन चित्रपट आणि त्यावरून निघालेला अमेरिकन ‘मिरर्स’ (२००८) यांचीही नावे घेतली जातात. पण त्यांत प्रतिबिंब माणसापासून सुटे होऊन वागते, हे तत्त्वच निराळे. थेट उगम फ्लॅनगन यांच्याच २००६ च्या लघुपटात आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक. त्यात एकच माणूस, एक खोली, एक आरसा आणि त्यावर रोखलेले कॅमेरे, एवढाच ऐवज होता. कथेत कॅमेरे आहेतच, तेव्हा संपूर्ण चित्रपट ‘सापडलेल्या चित्रफिती’च्या शैलीत (म्हणजे पात्रांनीच टिपलेले चित्रण नंतर हाती लागले, अशा थाटात) करावा, असा आग्रह काही निर्मात्यांनी धरला होता, फ्लॅनगन यांनी तो मानला नाही. ते योग्यच झाले. कॅमेऱ्याला दिसते ते खरे, असे त्या शैलीत गृहीत असते, आणि हा चित्रपट त्याच गृहीतकाला सुरुंग लावतो. बहीण, भाऊ आणि त्यांचा भूतकाळ ही भर पूर्ण लांबीच्या पटकथेतली.

आरशाचे वय कथेत चार शतके सांगितले आहे, पण पहिला ज्ञात मालक अठराव्या शतकातला. आधीचा काळ आणि घडवणारा कारागीर पटकथेने कोराच ठेवला आहे.

यंत्रणा : केलीची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. आरशावर एकाहून अधिक कॅमेरे. खाण्यापिण्याची आठवण देणारे गजर, कारण पूर्वीचे बळी तहानभुकेचे भान हरपून मेले. प्रभाव कुठवर पोचतो हे कळावे म्हणून घरभर ठेवलेली कुंड्यांतली झाडे. ठरावीक वेळाने येणारा वाग्दत्त वराचा फोन. सर्वांत शेवटी छताला टांगलेला बोटीचा नांगर. टायमर वेळेत मागे फिरवला नाही, तर तो सुटून आरशावर आदळणार. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली जे ‘डेड मॅन्स हँडल’ असते, त्याच जातीची ही युक्ती: माणूस भानावर नसेल, तर यंत्राने आपणहून कृती करावी.

केलीची ही सगळी मांडणी फसते, कारण गजर ऐकायला कान लागतात, चित्रफीत बघायला डोळे, आणि दोन्ही आरशाच्या ताब्यात. कॅमेरे व झाडे जागची हललेली दिसतात. चित्रफीत लावल्यावर कळते की ती या दोघांनीच हलवली. दुसऱ्या एका प्रसंगात केली दिव्याचा बल्ब बदलता बदलता सफरचंद खात असते. एका घासाला करकर आवाज येतो, तोंडातून काच निघते, आणि हातात असतो चावलेला बल्ब. क्षणभराने ते पुन्हा सफरचंदच असते. नांगराला तर डोळेच नाहीत. वाटेत कोण उभे आहे हे त्याला कळत नाही, आणि शेवटची दुर्घटना याच उणिवेतून घडते.

चित्रण व संकलन : चित्रीकरण २०१२ मध्ये अलाबामा राज्यातील फेअरहोप येथे सुमारे तीन आठवड्यांत झाले. आरसा टिपताना नेहमीची अडचण म्हणजे कॅमेरा स्वतःच प्रतिबिंबात येतो. सर्वसाधारण उपाय आरसा किंचित कलता करण्याचा: तो ३ अंशांनी कलवला की परावर्तित किरण ६ अंशांनी वळतो, म्हणजे ३ मीटरवर जवळजवळ ३० सेंमी सरकतो. कल याहून फार वाढवला की खोलीच तिरकी दिसते.

बालपण आणि वर्तमान हे दोन काळ सुरुवातीला आलटूनपालटून येतात. पुढे मोठी केली दारातून आत शिरते आणि पुढच्या तुकड्यात लहान केली चालत असते. उत्तरार्धात मोठी माणसे आपल्याच बालरूपांसमोर येतात. टिम प्रारंभी खोट्या स्मृतींचा मानसशास्त्रीय खुलासा देतो. पूर्वार्धात तो टिकतो, पुढे टिकत नाही. तरीही सगळा दोष मनाचाच, असे वाचन काही समीक्षक करतात.

हिंदी रूपांतर : ‘दोबारा: सी युअर ईव्हिल’ (२ जून २०१७), दिग्दर्शक प्रवाल रमण. कथा इंग्लंडमध्ये घडते. बहीणभावाच्या भूमिका हुमा कुरेशी व साकिब सलीम या सख्ख्या बहीणभावाने केल्या असून आदिल हुसेन व लिसा रे आईवडील आहेत.