खंगणं हे लक्षण की आजार? एका कोडची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या, म्हणजे बिलं आणि आकडेवारीसाठी प्रत्येक आजाराला दिलेल्या ठरावीक खुणांच्या, यादीत ई८८.ए हा कोड दाखल झाला. मूळ आजारामुळे शरीर खंगत जाणं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत कॅकेक्सिया, ही त्याची व्याप्ती. तोवर कर्करोगाचा किंवा हृदय निकामी झालेला रुग्ण वाळत गेला की आर६४ हा कोड लागायचा. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन रुग्णालयांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, वाचून त्यांना कोड लावणाऱ्या कोडरपैकी अनेकांसाठी हा वार्षिक बदलांच्या लांब यादीतला एक बदल होता. पण 'आर' हे लक्षणांचं आणि अस्पष्ट तक्रारींचं प्रकरण, तर 'ई' हे पोषण, चयापचय आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचं. खंगणं ओसरीवरून माजघरात आलं, आणि ते ओसरीवर फार काळ ताटकळलं होतं.

१६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट यांनी शहरातल्या मृत्यूंच्या नोंदपत्रकांचा अभ्यास छापला. माणूस कशानं गेला हे ठरवायला त्या काळी वयस्क बायका घरोघरी जात. प्रेत नुसतं हाडं-कातडं दिसलं की त्या 'कन्झम्प्शन', म्हणजे झिजून जाणं, असं लिहून मोकळ्या होत. ग्राँट यांचं म्हणणं असं की हा माणूस फुफ्फुसाच्या रोगानं वाळला, रेंगाळलेल्या तापानं की गुप्तरोगानं, हे त्या बायकांना सांगता येत नाही. शिवाय बिअरचा पेला आणि एकाऐवजी दोन ग्रोट (तेव्हाचं नाणं) हातावर पडले की गुप्तरोगही 'कन्झम्प्शन' म्हणून नोंदला जातो. नोंदीमागचा पैसा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषावर, म्हणजे शरीर सुकत जाण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात कारणं चार दिली आहेत : झेपत नाही इतकं साहस, मलमूत्रासारखे वेग अडवणं, शरीरातल्या धातूंचा (रस, रक्त, मांस वगैरेंचा) क्षय आणि विषम आहार. खंगणं एक, वाटा अनेक, ही जाण त्या मांडणीत आहे. १८८२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि वाळण्याच्या त्या ढिगातून एक मोठा आजार नावानिशी बाहेर निघाला. बाकीच्यांना कॅकेक्सिया हे जुनं ग्रीक नाव उरलं. त्याचा अर्थ शरीराची वाईट अवस्था, एवढाच.

१८९३ मध्ये झाक बेर्तिलाँ यांची मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी आली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली आणि तिच्यात आजारपणाच्या नोंदीही आल्या. मृत्यूच्या आकडेवारीत मोजायचं ते मूळ कारण, म्हणजे ज्या आजारापासून साखळी सुरू झाली तो, हे सूत्रही तेव्हाच पक्कं झालं. आपल्याकडच्या मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातही तीच रचना आहे. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, खालच्या ओळींत त्याच्यामागचं, मग त्याच्याही मागचं. वर 'कॅकेक्सिया' आणि तळाला 'जठराचा कर्करोग' लिहिलं, तर आकडेवारीत कर्करोग जातो. हे योग्यच आहे. पण खंगण्यामुळे किती माणसं शेवटी उठूही शकली नाहीत, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

मुलांच्या कुपोषणाचं घराणं वेगळं. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानात, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, सुजलेली, केस-कातडी बदललेली मुलं पाहिली आणि १९३५ मध्ये गा भाषेतलं 'क्वाशिओरकोर' हे नाव वैद्यकात आणलं. पाठचं भावंड आलं की अंगावरून सुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. बेर्तिलाँ यांच्यापासून आलेल्या त्याच यादीच्या दहाव्या आवृत्तीत, जिच्यावर अमेरिकेची कोडयादी बेतलेली आहे, ही सूज ई४० मध्ये गेली आणि मरॅस्मस, म्हणजे आपली सुकटी, ई४१ मध्ये. मेळघाटातली अंगणवाडी सेविका ज्या पट्टीनं दंडघेर मोजते आणि ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषण, लिहिते, ती याच घराण्यातली. तिथे प्रश्न मुख्यतः पुरेसं न मिळाल्याचा आणि वारंवारच्या जुलाब-तापाचा असतो. उपचारी आहार मिळाला की बहुतेक मुलं भरून येतात.

कॅकेक्सिया तसा भरून येत नाही, आणि सगळा घोळ इथेच झाला. १९८५ मध्ये युगांडाच्या राकाई भागातून 'स्लिम डिसीज'चं वर्णन आलं : ताप, जुलाब आणि माणूस काडीसारखा. १९८७ मध्ये अमेरिकेनं एड्सच्या व्याख्येत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटण्याचा समावेश केला आणि पुढे दहाव्या आवृत्तीत एचआयव्हीच्या खंगण्याला बी२२.२ हा स्वतःचा कोड मिळाला. १९८५ मध्येच ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं की प्राण्यांना खंगवणारं 'कॅकेक्टिन' आणि दाह पेटवणारा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे एकच प्रथिन आहे. म्हणजे नुसती भूक मेलेली नसते, दाहामुळे शरीर स्वतःचाच स्नायू मोडत असतं. २०११ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनं कर्करोगापुरतं हेच स्पष्ट केलं : सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं हा एक निकष, आणि नेहमीच्या पोषणाधारानं ते पूर्ण भरून येत नाही. घरचे घास भरवत राहतात, रुग्ण खात नाही म्हणून रागावतात, रडतात. त्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

इकडे बिलांच्या जगात भलतंच चाललं होतं. कोडच्या जुन्या अमेरिकन सूचीत 'प्रथिनांचं कुपोषण' शोधलं की बोट थेट क्वाशिओरकोरवर जाई. २०१७ च्या सरकारी तपासणीत २५ रुग्णालयांचे क्वाशिओरकोर लावलेले बिलांचे २,१४५ दावे पाहिले, त्यांपैकी २,१४४ चुकीचे निघाले. २०२० च्या अहवालात ई४१ आणि ई४३ हे तीव्र कुपोषणाचे कोड लावलेल्या २०० दाव्यांच्या नमुन्यात १७३ चूक होते. हे कोड लागले की दाव्याची रक्कम चढते, हे त्यामागचं कारण आहेच. पण कुपोषण आणि खंगणं यांच्यातली सीमा यादीतच धूसर होती, हेही तितकंच खरं.

ई८८.ए नं ती रेघ ओढली. आधी मूळ आजाराचा कोड, मग हा. ई४१ किंवा नुसता आर६४ याच्यासोबत लावायचा नाही. एक अडचण मात्र तशीच राहिली. आहारतज्ज्ञ चार्टमध्ये लिहून ठेवते : कानशिलांवर खळगे, गळ्याची हाडं वर आलेली, मांडीचा स्नायू उतरलेला, वजन ६१ वरून ४८. तिच्या नोंदीवरून कोडर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, कोड घेऊ शकतो, निदान नाही. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरच्याच नोंदीत हवं. तिथे फक्त 'अशक्तपणा' लिहिलेलं असेल, तर कोडरनं डॉक्टरला विचारणा पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत तो चार्ट बाजूला ठेवायचा.