पातिसच्या जागी काय, बागोओंगच्या जागी काय?

कारलं, वांगं, भेंडी, लाल भोपळा, चवळीच्या लांब हिरव्या शेंगा, टोमॅटो, आलं. पिनाकबेतच्या साहित्याची ही यादी वाचली की वाटतं, ही तर आपल्याच बाजारातली पिशवी. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तर भागातल्या इलोकानो लोकांची ही भाजी, पण मांसाचा तुकडा नसला तरी ती शाकाहारी नसते. तिचा खारटपणा येतो बागोओंगमधून, म्हणजे मिठात मुरवलेल्या मासळीतून.

दूध-दही-तूप सोडलेल्या मराठी माणसाला फिलिपिनो स्वयंपाक सुरुवातीला फार जवळचा वाटतो. रोजच्या जेवणात दूध जवळजवळ नाही आणि नारळाचा रस भरपूर. अडतं ते या मुरवलेल्या मासळीपाशी. तिची दोन रूपं आहेत, पातिस आणि बागोओंग. व्हीगन पाककृतींमध्ये या दोघांची सर्रास गल्लत होते आणि दोघांच्या जागी सोया सॉस ओतला जातो. मला हे मनापासून खटकतं, कारण ही दोघं पदार्थात दोन वेगळी कामं करतात.

जन्म मात्र एकाच भांड्यातला. साधारण तीन वाटे मासळी आणि एक वाटा मीठ कालवून काही महिने मुरत ठेवतात. मासळी विरघळत जाते, खाली दाट गर बसतो आणि वर तांबूस-पिवळं, नितळ पाणी सुटतं. ते पाणी निथळून, गाळून घेतलं की पातिस. खालचा गर म्हणजे बागोओंग. पांगासिनान प्रांतातलं लिंगायेन बागोओंगसाठी प्रसिद्ध आहे, तर मनिलाला लागून असलेलं मालाबोन पातिससाठी. बागोओंगचा आणखी एक प्रकार आलामांगचा, म्हणजे बारीक कोळंबीचा. ही आपल्या जवळ्याच्याच कुळातली. कोकणात जवळा उन्हात वाळवतात, तिथे तो मिठात मुरवतात.

पातिस पदार्थात दिसत नाही. चिंचेचं आंबट सिनिगांग असो की आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घातलेला तिनोला, रस्सा पातळ आणि स्वच्छ राहतो, फक्त चवीला खोली येते. बागोओंग उलट डोळ्यांना दिसतो, जिभेला लागतो. पिनाकबेतमध्ये तो भाजीच्या अंगाला लपेटून बसतो. शेंगदाणे आणि भाजलेल्या तांदळाच्या दाट रश्शातलं कारे-कारे तर मुद्दाम सपक ठेवतात, कारण शेजारी वाटीत परतलेला आलामांग असतो आणि प्रत्येक घासाला तो थोडा थोडा लावून घ्यायचा असतो. आपण कैरीला तिखट-मीठ लावतो, तिथे कैरीसोबत हाच आलामांग येतो.

म्हणून पातिसच्या जागी हवं नितळ, खारट पाणी. सिनिगांगमध्ये सोया सॉस घातला तर रस्सा काळपट होतो आणि चव आदोबोकडे, म्हणजे सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या पदार्थाकडे, झुकते. सोया सॉसचं घर आदोबो, तिथे तो हवाच. मी पातिससाठी अर्धा लिटर पाण्यात हातभर नव्हे, बोटभर लांबीचे दोन-तीन कोंबूचे, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाचे तुकडे आणि चार सुकी शिताके मशरूम रात्रभर भिजवते. सकाळी कोंबू काढून पाणी मंद आचेवर निम्मं आटवते, गाळते आणि त्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवते. खारट वाटेल, पण पातिसही तसाच असतो, चमच्यानेच घालायचा. याला आधारही पक्का आहे. मासळी मुरताना तिच्यातली प्रथिनं तुटून ग्लुटामेट, म्हणजे चवीला खोली देणारा घटक, मोकळं होतं, आणि तेच ग्लुटामेट जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबूच्या पाण्यातून वेगळं केलं होतं. शिताकेमुळे ती चव आणखी वाढते.

रस्सा साध्या पाण्याऐवजी तांदळाच्या धुवणात करावा. फिलिपिनो घरांत ही जुनी रीत आहे, तिथे धुवणाला हुगास बिगास म्हणतात. पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं वापरायचं. रश्शाला हलका दाटपणा येतो.

बागोओंगच्या जागी मात्र असं पाणी चालणार नाही, तिथे दाताखाली काहीतरी यायला हवं. त्यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. चिनी वस्तीमुळे तिथल्या स्वयंपाकात केव्हाच रुळलेलं ताउसी आहे, म्हणजे खारवून आंबवलेलं काळं सोयाबीन. चार चमचे ताउसी एकदा धुऊन घ्यावं, काट्याने अर्धवट ठेचावं. पीठ करू नये. तेलात भरपूर लसूण लाल होईपर्यंत परतून कांदा, टोमॅटो, अगदी बारीक चिरलेला ऑयस्टर मशरूम घालावा. मशरूमचं पाणी पूर्ण आटून तो कडेने चिकटू लागला की ताउसी, चमचाभर व्हिनेगर आणि थोडी साखर. तेल सुटेपर्यंत परतायचं. व्हिनेगर माडाचं मिळालं तर उत्तम. गोव्याकडच्या लोकांना ते शोधावं लागणार नाही, आणि फिलिपिन्समध्येही माडाचं व्हिनेगर घरोघरी असतं.

बाहेर जेवताना नुसतं भाजी मागून भागत नाही. भाजीतही साहोग असतो, म्हणजे चवीपुरते डुकराच्या मांसाचे किंवा कोळंबीचे तुकडे. ‘वालांग साहोग, वालांग पातिस, वालांग बागोओंग’ असं तिन्ही वेगवेगळं सांगावं. वालांग म्हणजे ‘नसलेलं’. एकट्या बागोओंगला नाही म्हटलं तर पातिस येऊ शकतो, कारण स्वयंपाक करणाऱ्याच्या मनात ती दोन वेगळी जिन्नसं आहेत.

घरच्या पिनाकबेतला आधी आलं, टोमॅटो आणि ताउसीचं ते परतलेलं मिश्रण तळाशी पसरते, वर कारलं, वांगं, भेंडी, शेंगा, भोपळा, आणि अर्धी वाटी पाणी. मग झाकण आणि मंद आच. डाव घालायचा नाही. कापडाने धरून अख्खं भांडंच अधूनमधून हलवायचं, म्हणजे भाज्या मोडत नाहीत. इलोकानोत पिनाकेब्बेत म्हणजे सुरकुतलेलं, आकसलेलं. वांग्याची साल सुरकुतली की आच बंद करावी.